इंग्रजी वर्तमानकाळ आणि आपलें ‘आहे’

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना वर्तमानकाळ सर्वांत सोपा वाटतो, आणि पुष्कळ चुका होतात त्या त्यांतच. नियम पाठ असतो. पण बोलतांना मन मराठींत चालतें व तेथील ‘आहे’ इंग्रजी वाक्यांत नकळत येऊन बसतें. हें मूळ वडील मंडळींनीं ओळखलें, तर सुधारणा अवघड नाहीं.

‘मी पुण्यास राहतों’ व ‘मी पुण्यास राहत आहें’ यांतील भेद आपण फारसा पाळीत नाहीं. इंग्रजींत तो पाळावा लागतो. ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हटल्यास कायमचें बिऱ्हाड समजतात. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हटल्यास बहुधा तात्पुरता मुक्काम. नोकरीच्या अर्जांत दुसरें वाक्य घातल्यास वाचणारास वाटावें कीं, हा उमेदवार येथें फार दिवस राहणारा नव्हे. नेहमींची गोष्ट साध्या रूपानें सांगावी, चालू असलेली ‘इंग’ लावून.

जाणणें, जवळ असणें, हवें असणें या क्रिया नव्हेत, स्थिति होत. त्यांस सहसा ‘इंग’ लागत नाहीं. ‘मला ठाऊक आहे’ यांतील ‘आहे’ पाहून मूल ‘आय ॲम नोइंग’ म्हणतें, आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ याचें ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ करतें. ‘आय नो’ व ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढेंच पुरे. मात्र ‘वुई आर हॅविंग लंच’ हें शुद्धच आहे. कारण येथें ‘हॅव’ म्हणजे जेवणें, आणि जेवण ही क्रिया आहे.

‘आम्ही या घरांत दहा वर्षें राहत आहों’ याचें ‘वुई आर लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ करूं नये. ‘वुई हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणावें. मागें सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीस ‘हॅव’ लागतें. काळाची लांबी ‘फॉर’नें सांगावी, आरंभ ‘सिन्स’नें.

आणखी एक चूक तर आपल्या चांगल्या वळणांतूनच येते. ‘आजोबा रोज फिरावयास जातात’ म्हणणारें मूल इंग्रजींतहि अनेकवचन योजून ‘ग्रँडफादर गो’ म्हणतें. इंग्रजी क्रियापदास आदरार्थी अनेकवचन नाहीं. आजोबा कितीहि थोर असोत, तेथें ‘गोज’च हवें.

अशा वेळीं चारचौघांत हसण्याची रीत कांहीं घरीं आहे. ती सोडावी, ज्याला हसतात तें मूल पुढें बोलणेंच टाकतें. तसेंच, इंग्रजी सुधारावें म्हणून घरांतील मराठी बंद करण्याचेंहि कारण नाहीं. सायंकाळीं मुलाकडून दोन वाक्यें मराठींत म्हणवून घ्यावीं, एक रोजच्या कामाचें व एक या क्षणीं चाललेल्या कामाचें. मग त्यांचें इंग्रजी त्यासच करूं द्यावें. आपल्या वाक्यांतील ‘आहे’ काय काम करतें हें ज्यास उमगलें, तो तें इंग्रजींत भलत्या जागीं घालणार नाहीं.