शुश्रूषा करणारे हात

वार्धक्य हा आता घरापुरता खाजगी प्रश्न राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात सुमारे साडेआठ टक्के, तर गोव्यात अकरा टक्क्यांहून अधिक होते. मुले परदेशी गेलेली आणि घरात दोन म्हातारी माणसे उरलेली, अशी घरे आज आमच्या गावोगावी आहेत. तेव्हा वृद्धाश्रम वाढवा, ही मागणी रास्तच होय. सरकारी प्रोव्हेदोरियाचे आश्रम वर्षानुवर्षे निराधारांना आसरा देत आले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय व्हावी, अशी तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही आहे. परंतु तेथे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला कूस वळवून देणाऱ्या सेविकेच्या वेतनाविषयी तो कायदा मौन पाळतो. इमारत एकदा उभारली की उभी राहते. माणूस मात्र टिकवावा लागतो.

ही माणसे टिकत नाहीत, कारण प्रत्येक वयाची अडचण निराळी आहे. पंचविशीतील मुलगी काम शिकते आणि इस्रायलची वाट धरते. त्याच कष्टाचे तेथे कितीतरी पट मोल मिळत असेल, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? चाळिशीतील बाईला रात्रपाळी आणि घरचा संसार यांची सांगड घालता येत नाही. पन्नाशीतील अनुभवी सेविकेचे मन कामात असते, पण माणसे उचलून उचलून तिची कंबर गेलेली असते. या तिघींना एकच औषध कसे लागू पडावे?

जपानने २००० साली शुश्रूषेचा विमा सुरू केला. तरीही २०४० पर्यंत आणखी सुमारे ५ लाख ७० हजार सेवक लागतील, असा तेथील सरकारचा २०२४ मधील अंदाज आहे. म्हणूनच मिये प्रांतात २०१५ पासून अंथरूण घालणे, जेवण वाढणे अशी हलकी कामे धडधाकट ज्येष्ठांकडे सोपवून प्रशिक्षितांचा भार हलका करण्यात आला. रुग्णाला केवळ अंगबळाने उचलू नये, असे तेथील सरकारी निर्देशही सांगतात. हाच जपान २०२१ च्या करारान्वये आमच्या देशातून कुशल माणसे नेऊ शकतो, हे विसरून चालणार नाही.

आमच्या सरकारने आणि संस्थाचालकांनीही वयोमानाचा विचार करावा. तरुणींना मान्यताप्राप्त प्रशिक्षण व बढतीची वाट, मधल्या वयाच्या स्त्रियांना सोयीच्या पाळ्या, आणि प्रौढांना उचलण्याच्या कामातून सुटका देऊन नव्यांना शिकविण्याची जबाबदारी द्यावी. आणि सर्वांना पुरेसे वेतन व म्हातारपणाची तरतूद द्यावी. पैसा लागेल, हे खरे. परदेशातून आईबापांसाठी पैसे पाठविणाऱ्यांनीही त्याचा वाटा उचलावा.

सेवा हा धर्म आहे, हे आम्ही मानतो. पण त्या धर्माचे नाव पुढे करून दुसऱ्याला अर्धपोटी राबविणे, हा धर्म नव्हे. आज जिची कदर आम्ही करणार नाही, ती उद्या आमच्या उशाशी असणार नाही.