गोळीची खरी किंमत

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. नैराश्य हा उपचारसाध्य आजार आहे, हे त्यामुळे शासनदरबारी मान्य झाले. परंतु फुलंब्रीचा एखादा शेतकरी डॉक्टरांची पहिली चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभा राहतो, तेथे खरा प्रश्न सुरू होतो.

या औषधांचा हिशेब उलटा आहे : खर्च आधी, लाभ मागाहून. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात जाणवते. मन सावरण्यास मात्र दोन ते चार आठवडे, क्वचित अधिकही लागतात. हे कोणी सांगितले नाही, तर रुग्ण चौथ्या दिवशी गोळ्या बंद करतो.

निवड करताना केवळ किंमत पाहणेही फसवे. अमिट्रिप्टिलीन जुने व स्वस्त. पण त्याने गुंगी येते आणि अतिमात्रा प्राणघातक ठरू शकते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्याला, किंवा ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळतात त्याला, ते देताना विचार करावयास हवा. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम त्या मानाने सुरक्षित. तथापि त्यांनी कामेच्छा मंदावते, आणि संकोचापोटी रुग्ण बोलत नाही. तरुण रुग्णांवर तर सुरुवातीला घरच्यांनी विशेष लक्ष ठेवले पाहिजे, कारण त्या काळात आत्मघाताचे विचार बळावू शकतात.

२०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत ही तिन्ही औषधे आहेत. हे सारे समजावून सांगणारी डॉक्टरांची दहा मिनिटे मात्र कोणत्याच सूचीत नाहीत. शासनाने तरतूद करावयाची ती प्रथम त्यांची.