तार आणि बोट

बुलढाण्यासारख्या गांवींहि आतां एखाद्या घरीं विद्युत् गिटार दिसते. मूल उत्साहानें शिकूं लागतें, महिन्याभरांत वाद्य कोपऱ्यांत जातें, आणि वडील मंडळी म्हणतात, "अंगीं चिकाटीच नाहीं." आमचें नम्र मत असें कीं, पुष्कळदां दोष मुलाचा नसून तारांचा असतो.

तारांचा संच त्यांतील सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. ती ०.००९ इंच असावी कीं ०.०१० इंच, हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु तितक्याच लांबीवर तोच स्वर काढण्यास जाड तारेस सुमारें २३ टक्के अधिक ताण द्यावा लागतो. जाड तारेचा नाद भरदार खरा. पण कोंवळ्या बोटांनीं ती दाबलीच जात नसेल, तर तो नाद काय कामाचा? नवशिक्यानें बारीक संचच घ्यावा.

धातूहि पाहावा. तंबोऱ्याच्या खर्जास पितळेची तार शोभते. विद्युत् गिटारीच्या चुंबकास मात्र पितळ कळत नाहीं. तिला पोलादी किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी ताराच योग्य.

घामानें व पावसाळी हवेनें तार गंजते आणि नाद मंदावतो. म्हणून वाजवून झाल्यावर ती कोरड्या फडक्यानें पुसावी. जुन्या झाल्यास साहाहि तारा एकदम बदलाव्या.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलास बोल लावण्यापूर्वीं आपलें एक बोट त्या तारेवर दाबून पाहावें.