यंत्र आणि तत्त्व

यंत्र चालविता येणे निराळे आणि ते कोणत्या तत्त्वावर चालते हे जाणणे निराळे. यंत्रे पालटतात, तत्त्वे टिकतात.

१८७६ साली ग्रॅहॅम बेल याने दूरध्वनी सिद्ध केला. त्यात बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे तारेतील विद्युत्प्रवाह अखंड कमीअधिक होत असे. हीच ॲनालॉग पद्धती. लांबच्या प्रवासात आवाज क्षीण होतो व त्यात खरखर मिसळते. आवाज वाढविला, की खरखरही वाढते.

डिजिटल पद्धतीत दूरध्वनीवरील आवाज सामान्यतः सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि ती मापे शून्य व एक या दोनच चिन्हांत पाठवितात. वाटेत चिन्ह थोडे मळले, तरी ते शून्य की एक एवढेच ओळखावयाचे असते. पुसट अक्षर ओळखून पुन्हा ठळक लिहावे, तसे ते नव्याने पुढे धाडता येते. खरखर मागे राहते. मळ फारच चढला, तरच ओळखण्यात चूक होते.

टिंब व रेघ यांनी मजकूर पाठविणाऱ्या तारायंत्राची युक्ती याच जातीची होती. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. परंतु मोजक्या खुणांनी संदेश पाठविण्याचे तत्त्व आज मोबाइलमध्ये नांदत आहे.

म्हणून केवळ कळ दाबता येण्यावर विद्यार्थ्याने संतुष्ट राहू नये. ज्याला तत्त्व कळले, त्याला नवे यंत्र परके वाटत नाही. इतरांना मात्र दर वेळी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.