दुबळ्याची बाजू आणि सट्ट्याचा भाव

बेळगावच्या उत्तरेस महामार्गावर वसलेले काकती हे कित्तूरच्या राणी चेन्नम्मांचे जन्मगाव. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या शिबंदीने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पराभव केला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत ठार झाला. त्या दिवशी सकाळी कोणी पैज लावली असती तर कित्तूरच्या बाजूने कवडीही पडली नसती. पण हा विजय पाहून भारावलेल्याने डिसेंबरात पुन्हा तीच पैज लावली असती तर तो बुडाला असता. कंपनी मोठ्या फौजेनिशी परतली, किल्ला पडला आणि १८२९ साली बैलहोंगलच्या बंदिवासात राणींचा अंत झाला.

दुर्बलाने बलिष्ठाला लोळवावे ही माणसाची सनातन इच्छा आहे. आज मात्र तिचाच बाजार मांडला गेला आहे. घाटाच्या अलीकडे आमच्या गोव्यात काय किंवा पलीकडे बेळगाव-निपाणी पट्ट्यात काय, मोबाइलवर सट्टा खेळणाऱ्या तरुणाला सांगितले जाते की, टेनिसमध्ये दुबळ्या खेळाडूवर पैसे लाव, खरा फायदा तेथेच आहे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

समजा, बलवान खेळाडूचा भाव १.२० आणि दुबळ्याचा ४.५० आहे. शंभराला या भावांनी भागले तर पहिल्याची विजयाची शक्यता ८३.३ टक्के आणि दुसऱ्याची २२.२ टक्के धरलेली दिसते. बेरीज होते १०५.५. शंभरावरचे हे साडेपाच म्हणजे बुकीची दलाली. म्हणजेच असा दुबळा खेळाडू शंभरांत तेवीस वेळा तरी जिंकणार असेल तरच त्याच्यावर पैसे लावणे किफायतशीर ठरते. अशी संधी कधीच नसते असे नाही. बलवान खेळाडू दुखापत लपवीत असेल, त्याला न मानवणारे मैदान असेल, किंवा सामना पाचाऐवजी तीन सेटचा असेल, तर अनपेक्षित निकालाला वाव वाढतो. परंतु हे सारे बुकीलाही ठाऊक असते, आणि बहुधा तुमच्याआधी. शिवाय घोड्यांच्या शर्यतींपासून टेनिसपर्यंतच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे की, दुबळ्यावर पैसे लावणारा सरासरीने अधिक गमावतो. थोड्या पैशांत घबाड सर्वांनाच हवे असते. म्हणून ती आशा महाग विकली जाते.

१६ जानेवारी २०२४ रोजी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पात्रता फेरीतून आलेल्या सुमित नागलने ३१ व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरविले. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला नमविल्यानंतर अशा स्पर्धेच्या एकेरीत मानांकितावर भारतीयाने मिळविलेला हा पहिलाच विजय. देश हरखला, पण दोनच दिवसांनी, त्याच्याइतकेच क्रमांकन असलेल्या चीनच्या शांगकडून तो पहिला सेट जिंकूनही पराभूत झाला. ऑक्टोबरानंतर डिसेंबर येतो तो असा!

आणखी एक काळी बाजू आहे. आपल्या खात्यात अवघे ९०० युरो उरले आहेत, असे याच नागलने २०२३ मध्ये सांगितले होते. प्रवासखर्चही न भागणाऱ्या खालच्या स्तरावरील स्पर्धांत सट्ट्यापायी निकाल विकले जातात, हे टेनिसच्या स्वतंत्र चौकशी समितीने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तेथे दुबळ्याचा विजय कधी कधी आधीच ठरलेला असतो, आणि तो ठाऊक असणारे लोक वेगळे असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, हे योग्यच झाले. मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी नांगरून ठेवणाऱ्या आम्हा गोमंतकीयांनी मात्र इतरांना उपदेश करताना थोडे ओशाळलेले बरे. केवळ बंदीने हा मोह सुटणार नाही. वरचे साडेपाच टक्क्यांचे गणित महाविद्यालयांतून शिकविले गेले पाहिजे.

काकतीच्या कन्येने स्वतःला पणास लावले. सट्टेबाज घरच्यांची भाकरी पणास लावतो. दुबळ्याविषयी खरोखर जिव्हाळा असेल, तर तेच पैसे गावातल्या होतकरू खेळाडूच्या रॅकेटसाठी आणि प्रवासासाठी द्यावेत. त्या पैजेत बुकीची दलाली नाही.