टर्फ कापावं की नाही?

आयर्लंडच्या खेड्यांत दलदलीतली माती चुलीत जाळतात! ही माती म्हणजे पीट, हजारो वर्षांचं अर्धवट कुजलेलं शेवाळ. जळणासाठी कापलं की ते टर्फ. वसंतात ‘श्लॉन’ या अरुंद फावड्याने त्याच्या विटा काढायच्या. ओल्या विटेत जवळपास ९०% पाणीच! म्हणून त्या पसरायच्या, मग पाच-सहा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. गोवऱ्यांसारख्या वाऱ्या-उन्हात वाळतात. पाठ मोडते, बरं का.

गोवरी उद्या पुन्हा थापता येते, पीट मात्र वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतं. १ मीटर खणलं, की हजार वर्षं गेली. २०२२ मध्ये तिथे टर्फच्या विक्रीवर निर्बंध आले. घरापुरतं कापायचा जुना हक्क राहिला. मला हे पटतं. पण हल्ली घरापुरतं टर्फही बहुतेक यंत्रानेच निघतं. श्लॉन हातात होतं तेव्हा माणूस दमला की थांबायचा. यंत्राला कोण थांबवणार, तुम्हीच सांगा.