रविवारी भेटायला जाताय? आधी चादर बाजूला करा!

मे महिन्यातला रविवार. संत्रा बर्फीचा डबा घेऊन मी आजीला भेटायला गेले. घरी आम्ही सगळेच नोकरीवाले, म्हणून ती एका नर्सिंग होममध्ये असते. खोली चकाचक, कूलर सुरू, आजीची वेणीसुद्धा घातलेली. एकदम ओक्के! निघताना ती हळूच म्हणाली, ‘पोरी, कंबरेखाली आग होते गं.’ बघितलं, तर माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. बेडसोर!

सॉलिड गिल्टी वाटलं. दर रविवारी जायचे, पण तिची पाठ एकदाही बघितली नव्हती.

बेडसोरचा फंडा सिंपल आहे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला, की हाड आणि गादीच्या मधे कातडी दाबली जाते. तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांतच ती मरायला लागते. त्यात आपला ४५ डिग्रीचा उन्हाळा, रेक्झिनची गादी आणि घामाने ओली पाठ! इन्फेक्शन रक्तात गेलं तर जिवावर बेततं. ‘सुपरमॅन’ ख्रिस्तोफर रीव्ह आठवतो? १९९५ मध्ये घोड्यावरून पडून तो पॅरलाइझ झाला. २००४ मध्ये गेला, तेव्हा त्याच्यावर अशाच चिघळलेल्या जखमेचे उपचार सुरू होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी तर १८५९ मध्येच लिहून ठेवलं, की बेडसोर झाला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो.

तेव्हा बॉस, पुढच्या भेटीत एवढं कराच :

* माकडहाड, खुबे आणि टाचा बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल, तर धोक्याची घंटा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गरम किंवा कडक लागतंय का, ते हाताने बघा.
* कूस कधी बदलली, ते विचारा. साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. एअर मॅट्रेस असली तरी यातून सुट्टी नाही!
* पोटरीखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहू द्या. भोकाची रिंग नको, लाल जागेवर मालिश तर नकोच.
* ओला डायपर, ओली चादर लगेच बदला. डॉक्टरांना विचारून जेवणात डाळ, दूध, अंडी वाढवा.

आजीची जखम आता भरतेय. भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता लागलाय. मी गेले की आधी तो वाचते, मग टाचा बघते. बर्फीचा डबा त्यानंतर उघडतो.